मॅडिसनहून अटलांटाला : बिऱ्हाडासोबत काय न्यायचे?

बिऱ्हाड हलवणे आपल्या लोकांना नवे नाही. माझ्या आजोबांनी भंडाऱ्याकडचे गाव सोडले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये नोकरी धरली. मिलमध्येही भेद होताच, पण पगार रोख मिळत होता आणि मुलांना शाळा जवळ होती. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे परखड मत मांडले, ते आजोबांनी वाचले नव्हते. पण त्याचा अनुभव त्यांच्या अंगावर होता. म्हणूनच त्यांनी गाव सोडले, आणि म्हणूनच आज मी हा लेख लिहू शकते.

आता आपली मुले-मुली शिक्षणाच्या बळावर अमेरिकेत जातात. पहिली चार-पाच वर्षे बहुतेकांची एखाद्या विद्यापीठाच्या गावी जातात. पुढे नोकरी मोठ्या शहरात लागते आणि बिऱ्हाड पुन्हा उचलावे लागते. आम्ही २०२२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन सोडून जॉर्जिया राज्यातील अटलांटाला आलो. तेव्हापासून समाजातील अनेक भगिनी फोनवर विचारतात, "ताई, सामान काय न्यावे, काय टाकावे?" त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे.

सरोवरांचे गाव

मॅडिसन म्हणजे दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले शहर. एकीकडे मेंडोटा, दुसरीकडे मोनोना. मधोमध राज्याचे विधानभवन आणि तेथून सरळ रस्त्याने चालत गेले की १८४८ साली स्थापन झालेले विद्यापीठ. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे दोन लाख सत्तर हजार होती. सायकलने, बसने, पायी कुठेही जाता येते. थंडी मात्र जीवघेणी. तळी गोठून दगड होतात आणि लोक त्यांवरून चालतात. पहिल्या हिवाळ्यात मी दाराबाहेर पडायलाही घाबरत होते. नंतर बाळाला गुंडाळून त्याच बर्फातून दवाखान्यात जाऊ लागले. माणूस सवयीने घडतो.

आपल्या वाचकांना या गावाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जवळच ऑरेगन नावाच्या खेड्यात डिअर पार्क नावाचे तिबेटी बौद्ध केंद्र आहे. डिअर पार्क म्हणजे मृगदाय. सारनाथची आठवण म्हणून हे नाव. १९८१ साली पूज्य दलाई लामा यांनी पाश्चात्त्य देशांतील पहिला कालचक्र विधी येथे केला. त्यांची पूजा आपल्या वंदनेहून निराळी, पण बुद्धमूर्तीपुढे बसले की परकेपणा जाई. वर्षातून दोन-तीनदा आम्ही तेथे जात असू.

मॅडिसनमध्ये आमच्या ओळखीची मराठी घरे अगदी थोडी होती. जो तो आपल्या अभ्यासात आणि संशोधनात गुंतलेला. कोणी कोणाच्या घरात डोकावत नसे. आम्ही त्यालाच समता समजत होतो. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरी होता, पण तो निजायच्या खोलीत, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर. पाहुणे बसतात त्या खोलीत नव्हता. असे का, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी विचारले नव्हते.

आधी शाळेचे पंचांग पाहा

आता कामाच्या गोष्टी. मॅडिसनमध्ये विद्यापीठाच्या आसपासची भाड्याची घरे ऑगस्टच्या मध्याला एकदमच रिकामी होतात आणि एकदमच भरतात. त्या दोन दिवसांत रस्त्याच्या कडेला सोफे, टेबले, दिवे, पुस्तकांच्या मांडण्या यांचे ढीग लागतात. ज्याला हवे त्याने उचलावे. आमचे निम्मे घर अशाच उचललेल्या वस्तूंवर उभे राहिले होते, आणि निघताना आम्हीही ते तसेच रस्त्यावर ठेवून आलो. नवे विद्यार्थी येऊन घेऊन गेले. जड लाकडी सामान ट्रकमध्ये घालून हजार मैल नेण्यात शहाणपण नाही. पुस्तके, स्वयंपाकाची भांडी, मुलांच्या अंगवळणी पडलेल्या वस्तू आणि कागदपत्रे एवढेच न्यावे.

पण ऑगस्टच्या मध्याला निघण्यात आमची एक चूक झाली. विस्कॉन्सिनमध्ये सरकारी शाळा कायद्याने १ सप्टेंबरपूर्वी सुरू होत नाहीत. आम्ही समजलो, सगळ्या अमेरिकेत असेच असेल. अटलांटाच्या परिसरात शाळा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतात! आम्ही पोहोचलो तेव्हा मुलीचे वर्ग भरून दोन आठवडे झाले होते. अकरा वर्षांची पोर, नवे गाव, नवी शाळा, आणि सगळ्यांच्या मैत्रिणी आधीच ठरून गेलेल्या. पहिला महिना ती डबा एकटीच खात होती. हे तिने आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितले. तेव्हा भाडेकराराच्या तारखेपेक्षा शाळेच्या तारखेला मान द्यावा. महिनाभराचे भाडे अंगावर पडले तरी चालेल.

जॉर्जियात शाळेत नाव घालताना लसीकरणाचा राज्याचा स्वतःचा दाखला लागतो. त्याला ३२३१ क्रमांकाचा फॉर्म म्हणतात. शिवाय डोळे, कान, दात आणि पोषण यांच्या तपासणीचा ३३०० क्रमांकाचा फॉर्म लागतो. दुसऱ्या राज्याचा दाखला तसाच चालत नाही. तो दाखवून येथील डॉक्टरांकडून किंवा आरोग्य खात्याकडून नवा करून घ्यावा. मोटार चालवण्याचा परवाना आणि मोटारीची नोंदणी, दोन्हीही राज्यात राहायला आल्यापासून तीस दिवसांत बदलावी लागतात.

चार वर्षांच्या मुलांसाठी या राज्यात लॉटरीच्या उत्पन्नातून विनामूल्य बालवर्ग चालतात. त्याच उत्पन्नातून १९९३ पासून होप नावाची शिष्यवृत्ती आहे. राज्यातील कॉलेजात शिकणाऱ्या चांगल्या गुणांच्या विद्यार्थ्याला ती फीसाठी मिळते. मात्र राज्यातील रहिवास आणि नागरिकत्वाची किंवा कायम वास्तव्याची स्थिती पाहतात. मुले मोठी असतील त्यांनी हा हिशोब घर बदलण्यापूर्वीच करावा.

ओहायो नदीच्या पुलावर

मॅडिसनहून अटलांटा रस्त्याने सुमारे साडेतेराशे किलोमीटर. दोन दिवस लागतात. इलिनॉय राज्य उत्तरेकडून दक्षिणेकडे उभेच्या उभे ओलांडावे लागते. दोन्ही बाजूंना मक्याची शेते, संपता संपत नाहीत. मग पडुका गावाजवळ ओहायो नदी लागते. पूल ओलांडला की केंटकी राज्य.

पुलावर ह्यांनी मुलीला सांगितले, "ही नदी नीट बघ. एके काळी हिच्या अलीकडे माणूस स्वतंत्र होता आणि पलीकडे गुलाम होता." दक्षिणेतून पळालेले गुलाम रात्री ही नदी ओलांडून उत्तरेकडे जात. सापडले तर पुन्हा साखळदंड. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे आठच वर्षांनी, १८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. पुण्यात बसलेल्या माणसाला या नदीकाठची लढाई आपली वाटली होती.

गुलामगिरी गेली तरी दक्षिणेत पाण्याचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या राहिल्या. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेत आणि पश्चिमेत गेले. शिकागो, डेट्रॉइट, मिलवॉकी ही शहरे त्यांच्या श्रमाने भरली. १९७० नंतर मात्र प्रवाह उलटला. त्यांची मुले-नातवंडे पुन्हा दक्षिणेकडे येऊ लागली आणि त्यांतली पुष्कळ अटलांटात स्थिरावली. म्हणजे ज्या वाटेने आमची मोटार चालली होती, ती वाट एकदा उलट दिशेने लाखो माणसांनी पायाखाली घातली होती. माझे आजोबा मला त्या पुलावर आठवले.

दुसऱ्या दिवशी नॅशव्हिल, मॉन्टईगलचा घाट, चॅटनूगा करत संध्याकाळी अटलांटाला पोहोचलो. मोटारीचे दार उघडले आणि दमट, गरम हवेचा झोत अंगावर आला. मी म्हटले, "अहो, ही तर आपल्या मृगाची हवा!"

एका रस्त्याला दोन नावे

अटलांटा शहराची वस्ती २०२० मध्ये पाच लाखांच्या जवळ होती, पण उपनगरांसह हा आकडा साठ लाखांवर जातो. मॅडिसनमध्ये मोटारीशिवाय भागत होते. येथे मोटारीवाचून पान हलत नाही. 'पीचट्री' नावाचे रस्ते डझनावारी आहेत, तेव्हा पत्ता घेताना स्ट्रीट की रोड की ड्राइव्ह हे पुन्हा विचारून घ्यावे. मार्च-एप्रिलमध्ये पाइन झाडांचा पिवळा पराग हळदीसारखा मोटारींवर बसतो. दम्याच्या रोग्यांनी औषध जवळ ठेवावे. बर्फ क्वचित, पण पडला तर शहर थांबते. जानेवारी २०१४ मध्ये दोन-अडीच इंच बर्फाने हजारो लोक रात्रभर रस्त्यात आणि मुले शाळेत अडकून पडली. मॅडिसनच्या लोकांना हे सांगितले तर ते हसतात.

घर कोठे घ्यावे, हा मोठा प्रश्न. सगळे सांगतात, "शाळा चांगली बघा." सल्ला बरोबरच आहे. पण चांगल्या शाळा एका बाजूला आणि वाईट शाळा दुसऱ्या बाजूला कशा गेल्या, हे कोणी सांगत नाही. ते आपण जाणून घ्यावे.

शहरात पाँस दे लिऑन नावाचा रस्ता आहे. दक्षिणेकडून येणारा बुलेव्हार्ड हा रस्ता तो ओलांडताच मन्रो ड्राइव्ह होतो. मोरलँडचा ब्रायरक्लिफ होतो. रस्ता एकच, नावे दोन. कारण उत्तरेच्या गोऱ्या वस्तीला दक्षिणेच्या काळ्या वस्तीतले नाव आपल्या पत्त्यात नको होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव निराळे असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

डिसेंबर १९६२ मध्ये तर शहराच्या नैर्ऋत्य भागात पेटन रोडवर खुद्द नगरपालिकेने रस्त्यात अडथळा उभा केला. काळ्या कुटुंबांनी पलीकडच्या गोऱ्या वस्तीत घरे घेऊ नयेत, एवढ्यासाठी. लोकांनी निषेध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६३ च्या मार्चमध्ये ती भिंत निघाली. घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा राष्ट्रीय कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, एप्रिल १९६८ मध्ये झाला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलला झाली आणि ११ एप्रिलला कायद्यावर सही झाली. इतकी किंमत द्यावी लागली.

शहराची रेल्वे 'मार्टा' सगळ्या उपनगरांत का जात नाही, याचे मूळही बरेचसे येथेच आहे. १९७१ च्या मतदानात फुल्टन आणि डिकाल्ब या दोन जिल्ह्यांनी होकार दिला. क्लेटन आणि ग्विनेट यांनी नकार दिला. कॉब तर १९६५ सालीच बाहेर राहिला होता. रेल्वेबरोबर काळी माणसे येतील ही भीती त्या नकारामागे मोठी होती. क्लेटन २०१४ मध्ये सामील झाला. ग्विनेटने २०१९ मध्येही नाकारले. आज त्याच ग्विनेटमध्ये आपले भारतीय लोक मोठ्या संख्येने राहतात आणि रोज रहदारीत अडकतात. भेद करणाऱ्यांची पोरेबाळेही भेदाचे भाडे भरत राहतात.

बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी खाणावळीतून बाहेर पडावे लागले, हे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकत आलो. परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या माणसाची ही गत. आज आपल्याला येथे घर मिळते, चांगल्या वस्तीत मिळते. ते दार कोणाच्या लढ्याने उघडले हे विसरून "त्या बाजूला घर घेऊ नका, तिकडचे लोक बरे नाहीत," असे आपणच बोलू लागलो, तर बाबासाहेबांचे नाव घेण्याचा आपल्याला काय अधिकार? हे वाक्य मी येथे आपल्याच देशबांधवांच्या तोंडून अनेकदा ऐकले. आम्ही डिकाल्ब जिल्ह्यात, मार्टाच्या स्थानकापासून चालत जाता येईल अशा मिश्र वस्तीत घर घेतले. शेजारी एक कृष्णवर्णीय निवृत्त शिक्षिका राहतात. मुलीला डबा एकटीने खावा लागतो हे आमच्या आधी त्यांना कळले होते.

"मूळचे कोण तुम्ही?"

मोठ्या शहराचे सुख आम्हाला लवकर कळले. भाजी, डाळी, मसाले सगळे मिळते. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनामच्या बौद्धांचे विहार आहेत. पालीतून त्रिशरण-पंचशील ऐकताना मुलाने माझा हात धरला आणि म्हणाला, "आई, हे तर आपलं!"

पण मोठ्या शहरात मराठी माणसेही पुष्कळ. पहिल्याच दिवाळीत एका घरी बोलावणे होते. जेवणे झाल्यावर एक बाई जवळ येऊन बसल्या. गोड बोलल्या. मग म्हणाल्या, "तुमचं आडनाव लक्षात नाही आलं हो. मूळचे कोण तुम्ही?" मी म्हणाले, "नागपूरचे." त्या म्हणाल्या, "ते झालं गाव." मी हसले आणि मुलाला पाणी देण्याच्या निमित्ताने उठले. मुलगी शेजारीच बसली होती. तिने सगळे ऐकले. घरी येताना मोटारीत ती एक शब्दही बोलली नाही.

जानेवारीत डॉ. किंग यांच्या जयंतीला आम्ही ऑबर्न अव्हेन्यूवर गेलो. १५ जानेवारी १९२९ रोजी त्यांचा जन्म झाला ते घर बाहेरून पाहिले. पाण्याच्या मधोमध त्यांची आणि कोरेटाबाईंची समाधी आहे. जवळ गांधीजींचा पुतळा आहे. बाबासाहेबांचा मला कोठे दिसला नाही. मग जुन्या एबेनेझर चर्चच्या पायऱ्यांपाशी उभे राहून ह्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. डॉ. किंग १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रमला दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख "अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य बांधव" अशा अर्थाने करून दिली. डॉ. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या लोकांच्या हालांचा विचार केला आणि मनाशी कबूल केले की होय, मी अस्पृश्य आहे. ४ जुलै १९६५ रोजी याच चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी हे सांगितले.

मुलीने विचारले, "त्यांनी हे चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं?"

"हो."

"मग आई, तू त्या आंटीला का नाही सांगितलंस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी पदवीधर, जयंतीच्या व्यासपीठावर भाषणे केलेली, आणि एका गोड बोलणाऱ्या बाईसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मॅडिसनमध्ये कोणी विचारले नाही, म्हणून मी स्वतःला निर्भय समजत होते. त्या रात्री मी आईला नागपूरला फोन केला. आई म्हणाली, "तुझ्या आजोबांनी गाव सोडलं ते लपायला नाही सोडलं, बाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाबासाहेबांचा फोटो बैठकीच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा भिंतीवर लावला. १४ एप्रिलला शेजारच्या शिक्षिकाबाईंना, मुलीच्या मैत्रिणींना आणि दिवाळीत प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंनाही बोलावले. त्या आल्या नाहीत. पण दोन मराठी कुटुंबे आली, आणि त्यांपैकी एक ताई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आम्हीपण जयभीमवालेच. येथे सहा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं." आम्ही दोघी पुऱ्या तळता तळता रडलो.

शिक्षिकाबाईंनी फोटोतल्या माणसाविषयी विचारले. मी त्यांना सांगितले की १९४६ साली यांनी डॉ. ड्युबॉय यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या प्रश्नांतील साम्य मांडले होते, आणि डॉ. ड्युबॉय यांनी त्यांना उत्तर दिले होते. बाई म्हणाल्या, डॉ. ड्युबॉय तर याच शहरातील विद्यापीठात शिकवत होते! ते खरेच आहे. १८९७ ते १९१० आणि पुन्हा १९३४ ते १९४४. मग त्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर काही क्षण नुसत्या उभ्या राहिल्या.

भगिनींनो, काळ बदलतो आहे. २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने, २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातिभेदाला नाव घेऊन बंदी केली. ज्यांनी आपली जात सांगून साक्षी दिल्या, त्यांच्यामुळे हे घडले. सगळ्यांनाच ते शक्य नसते. नोकरीची, व्हिसाची भीती खरी असते, आणि भ्यालेल्या माणसाला दोष देऊ नये. पण निदान आपल्या घरात, आपल्या मुलांपासून तरी लपवू नये.

तेव्हा सामान काय न्यावे, असे विचारणाऱ्या भगिनींना माझे सांगणे एवढेच. शाळेची तारीख पाहून निघा. लसीचे दाखले हाताशी ठेवा. जड पलंग मागे सोडा; तो पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येईल. आणि बाबासाहेबांचा फोटो ट्रकमध्ये खोक्याच्या तळाशी न घालता मोटारीत मांडीवर घेऊन जा. नव्या घरात पहिला खिळा त्याच्यासाठी ठोका, आणि तो बैठकीच्या खोलीत ठोका.

जयभीम!